तै महिन्यातले कुरण

महाराष्ट्रात हिवाळा म्हटला म्हणजे पहाटेची शेकोटी, हुरडा आणि ज्वारीच्या पात्यांवरचे दहिवर डोळ्यांपुढे येते. कुंभकोणमचा हिवाळा या जातीचा नव्हे. कावेरी आणि तिचा फाटा अरसलार यांच्या मध्ये वसलेले हे नगर विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या अकरा अंशांवर आहे. जानेवारीतही तेथे कडाका म्हणावा अशी थंडी पडत नाही. तेथे हिवाळा ओळखायचा तो पाण्यावरून. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत कोसळणारा ईशान्येचा पाऊस थांबतो, शेतातले पाणी ओसरते, सांबा भाताच्या लोंब्या पिवळ्या पडतात, आणि महिनोन् महिने दावणीला बांधलेली गुरे प्रथमच मोकळ्या जमिनीवर पाऊल टाकतात.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. एकोजी राजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले, आणि १८५५ साली ते राज्य खालसा होईपर्यंत कावेरीकाठी मराठी सत्ता नांदली. बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्याकडे प्रसिद्ध असलेले राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचाच. तंजावुरी मराठी बोलणारी घरे त्या भागात आजही आहेत. अलीकडच्या काळात मात्र कुंभकोणमचे नाव दूरवर पोचले ते तेथील ‘डिग्री कॉफी’मुळे. दुधाचा कस पाहण्याच्या काचेच्या नळीवरील अंशावरून, म्हणजे डिग्रीवरून, हे नाव पडले असे सांगतात. निर्भेळ दूध ही त्या कॉफीची प्रतिष्ठा. परंतु त्या दुधामागची गाय बारा महिने काय खाते, याची चौकशी कॉफी पिणारा सहसा करीत नाही.

ती बहुतेक काळ भाताचा पेंढा खाते. तमिळमध्ये त्याला ‘वैक्कोल’ म्हणतात. देशावर कडब्याला जे स्थान, तेच या प्रदेशात पेंढ्याला आहे. त्याला कारण भूगोल. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले, तेव्हापासून १२ जूनला पाणी सोडावे आणि २८ जानेवारीला बंद करावे असा परिपाठ पडला. पाण्याच्या टंचाईने तो अनेक वर्षी मोडला असला, तरी शेतकऱ्याच्या मनातले पंचांग तेच राहिले. आधी कुरुवै हे अल्प मुदतीचे भात, त्याच्यामागून ताळडी. अथवा दोहोंऐवजी एकच दीर्घ मुदतीचा सांबा. या साऱ्या काळात नजर पोचेल तेथवर चिखल आणि पाणी. बांध एवढे अरुंद, की त्यावरून माणसाने तोल सांभाळीत चालावे. गाईला बाहेर काढावे तर ती जाणार कोठे? म्हणून तिला गोठ्यात बांधायची, आणि गंजीतला पेंढा उपसून तिच्यापुढे टाकायचा. तीनशे किलो वजनाची गाय दिवसाला सहा किलो पेंढा खाते असे धरले, तर ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत एका जनावराला टनाहून अधिक पेंढा लागतो.

पेंढ्यातही उजवे-डावे आहे. कुरुवैची कापणी नेमकी पावसाच्या तोंडावर येते. तो पेंढा भिजतो, काळा पडतो, कुबट होतो. सांब्याची कापणी कोरड्या उन्हात होते, म्हणून वर्षाची भिस्त सांब्याच्या पेंढ्यावर. परंतु उत्तमातला उत्तम पेंढा झाला तरी तो पोट भरणारा, पोसणारा नव्हे. त्यात प्रथिने शेकडा तीन-चार भाग, आणि वाळूचा अंश म्हणावा अशी सिलिका भरपूर. गाय स्वतः पेंढा पचवीत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव तो कुजवतात आणि त्यावर गाय जगते. त्या जीवांनाही नत्राचा घास लागतो. चाऱ्यातील प्रथिने शेकडा सातच्या खाली उतरली की त्यांचे काम मंदावते, पेंढा पोटात रेंगाळतो, आणि गव्हाण भरलेली असूनही जनावर खाणे सोडते. वैरणीची गंज दारात उभी असताना गाय का खंगते, या गोठ्यातल्या जुन्या कोड्याचे उत्तर येथे आहे. पेंढ्यावर युरियाचे पाणी शिंपडून तो तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवण्याची युक्ती शास्त्रज्ञांनी काढली. शंभर किलो पेंढ्यास चार किलो युरिया हे तिचे प्रमाण. युक्ती खरी आहे, पण ती मेहनतीची. लहान गोठ्यांत ती म्हणावी तशी रुजली नाही.

अशा वेळी तै महिना उजाडतो. ‘तै जन्मला की वाट जन्मते’ अशी तमिळमध्ये म्हण आहे. तिचा लाक्षणिक अर्थ सुदिन येण्याचा. पण तिचा एक अगदी साधा अर्थही सांगतात. कापणी झाली की शेतांतून चालायची वाट मोकळी होते. ती वाट माणसाला मोकळी होते, तशी गुरालाही होते. जानेवारीच्या मध्यावर पोंगल, आणि दुसऱ्याच दिवशी माट्टु पोंगल. आपल्या बैलपोळ्याप्रमाणे त्या दिवशी गुरांना न्हाऊ-माखू घालतात, शिंगे रंगवतात, गोडाचा भात चारतात. पोळा येतो श्रावण-भाद्रपदाच्या सांध्यावर, खरिपाची कामे उरकत आली असता. माट्टु पोंगल येतो कापणीच्या आणि मोकळ्या चराईच्या तोंडावर.

कापलेल्या शेतात गुरांना मिळते तरी काय? वरवर पाहिले तर उभी धसकटे आणि भेगाळू लागलेली जमीन. परंतु कावेरीच्या गाळाची ती काळी माती आतून ओलीच असते. धसकटाच्या बुडाशी हिरवा फुटवा येतो. बांधावरचे गवत तासलेले नसेल तर कोवळे राहते. सांडलेले दाणे, चिखलात उगवलेल्या वनस्पती, पाटाच्या कडेची हरळी, असा थोडा थोडा मेवा सर्वत्र विखुरलेला असतो. तो तोलून पाहिला तर फार भरणार नाही. पण त्यात पेंढ्यात नसलेले नेमके तेच असते. दिवसभर चरून आलेली गाय रात्री तोच पेंढा पुन्हा चवीने खाते, हे गुराख्याने पूर्वीपासून पाहिलेले आहे. शास्त्राने त्याचे कारण पुरवले एवढेच. तेव्हा चराई विरुद्ध वैरण असा सामना या भागात लावणे चुकीचे. हिरव्या चार घासांनी पेंढ्याचा उपयोग वाढतो आणि पेंढ्याचा खप घटतो.

थंड देशांतही गेल्या काही दशकांत हाच विचार निराळ्या वेषात पुढे आला आहे. कॅनडाच्या सपाट प्रदेशात ओट किंवा सातू कापून त्याच्या ओळी शेतातच पडू देतात, आणि गुरे हिवाळ्यात बर्फ बाजूला सारून ती खातात. अमेरिकेत काही ठिकाणी शरदातले गवत न कापता राखून ठेवतात व थंडीत चारतात. कारण उघड आहे. गवत कापणे, वाळवणे, बांधणे, वाहणे, पुन्हा गुरांपुढे टाकणे आणि शेवटी त्यांचे शेण शेतात नेऊन पसरणे, या प्रत्येक पायरीला इंधन आणि मजुरी लागते. गाईला चार पाय आहेत. ती स्वतः शेतात गेली तर यातल्या बहुतेक पायऱ्या गळतात. फ्रान्समधील आंद्रे व्वाझँ या शेतकरी शास्त्रज्ञाने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले, की कुरणाचे बरेवाईट गुरांच्या संख्येपेक्षा काळावर ठरते: गुरे किती दिवस चरली आणि गवताला किती दिवस विसावा मिळाला. कुंभकोणमच्या बाबतीत हे वचन शब्दशः लागू पडते. तेथे कुरण नावाची जागाच नाही. जे आहे ते कुरण नावाचे काही आठवडे.

या आठवड्यांत शेत गुरांना देते, तसे घेतेही. भातपिकाने जमिनीतून शोषलेल्या पालाशाचा मोठा भाग दाण्यात जात नाही, पेंढ्यात राहतो. एक टन पेंढा शेताबाहेर गेला की त्यासोबत बारा ते सतरा किलो पालाश जाते. गुरांनी शेतातच खाल्ले आणि शेतातच मलमूत्र टाकले तर तो पालाश बव्हंशी जागच्या जागी परततो. गोठ्यात शेण गोळा होते, पण गोमूत्र जमिनीत मुरून वा वाहून जाते. आणि नत्र व पालाश यांचा मोठा वाटा गोमूत्रातच असतो. या हिशेबातूनच ‘किडै’ची प्रथा उभी राहिली. रामनाथपुरम्, शिवगंगै या कोरड्या जिल्ह्यांतील कोनार मेंढपाळ कापणीनंतर आपले कळप घेऊन कावेरीच्या प्रदेशात उतरतात. दिवसा कळप मोकळ्या शेतांत चरतो. रात्री तो ठरलेल्या शेतात कोंडून बसवतात. दुसऱ्या रात्री जागा बदलते. शेतमालक त्याबद्दल रात्रीच्या हिशेबाने पैसे वा धान्य देतो. आपल्याकडे धनगरांची मेंढरे शेतात बसवतात, तोच हा व्यवहार. मेंढरांबरोबर येथे गाईगुरांचेही किडै बसते. त्यांच्या मागून बदकांचे थवे हाकणारेही येतात. त्यांची बदके सांडलेले दाणे टिपतात आणि चिखलातल्या गोगलगाईही फस्त करतात.

गोगलगाईंचा हा उल्लेख सहज आलेला नाही. हिवाळी चराईचे गुणगान करणारे तिच्या एका बाजूविषयी मौन पाळतात. पाटाच्या पाण्यात वाढणाऱ्या गोगलगाई यकृतातल्या चपट्या कृमींच्या अवस्थेला आश्रय देतात. गोगलगाईतून बाहेर पडलेला कृमी पाण्याच्या पातळीशी असलेल्या देठाला चिकटून कवच धरतो आणि धसकट खाणाऱ्या जनावराच्या पोटात जातो. इंडोनेशियात भाताचे ओले ताट गुरांना घालताना बुडाकडचा तिसरा भाग टाकून द्यावा असा सल्ला शास्त्रज्ञांनी दिला, तो याच कारणासाठी. दुसरा कृमी याहून विचित्र आहे. तो पाण्यात उभ्या राहिलेल्या जनावराच्या कातडीतून शिरतो, नाकातल्या रक्तवाहिन्यांत घर करतो, आणि गाय झोपलेल्या माणसाप्रमाणे घोरू लागते. मद्रासेत राव या पशुवैद्यकाने १९३३ साली या कृमीचे शास्त्रीय वर्णन केले. कडक उन्हात नीट वाळवलेला आणि काही महिने ठेवलेला पेंढा या बाबतीत ओल्या शेताहून निर्धोक असतो, हे मान्य केले पाहिजे. म्हणून जाणता गुराखी वाफसा आल्याशिवाय गुरे शेतात घालीत नाही, दहिवर उतरल्यावर दावे सोडतो, आणि पाटाच्या शेवटाकडचे पाणथळ तुकडे टाळतो. खूर रुतत असेल तर जमीन घट्ट होऊन पुढच्या पिकासही अपाय होतो, हे निराळेच.

कोणत्या गाईने चरावे हाही प्रश्न आहे. कुंभकोणमच्या आग्नेयेस, समुद्राकडच्या पट्ट्यात उंबळच्चेरी नावाची जात आहे. ठेंगणी, बांधेसूद, आखूड पायांची ही जनावरे भातखाचराच्या चिखलासाठीच घडवल्यासारखी दिसतात. वासरू जन्मते तांबूस, तोंडावर व पायांवर पांढऱ्या खुणा घेऊन. वाढता वाढता ते राखी होते. बैलांची शिंगे काढून टाकण्याची चाल असल्याने त्यांना ‘मोट्टै माडु’, म्हणजे बोडके जनावर, असेही म्हणतात. ही गाय धसकटावर गुजराण करते, उन्हाला दाद देत नाही. मात्र दूध देते जेमतेम दोन लिटरांच्या आसपास. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतल्यापासून बैलाचे मोल गेले, आणि त्याबरोबर या जातीचे दिवसही फिरले. तिच्या जागी आलेली जर्सीसंकरित गाय चार-पाच पट दूध देते, पण ती धसकटावर भागवून घेणारी नव्हे. तिला पेंड हवी, हिरवी वैरण हवी, मार्चच्या उन्हात सावली हवी. कॉफीचे दूध आज मुख्यतः तिच्याकडून येते. धसकटावरची गाय स्वस्तात पोसते हे खरे. पण ज्या घराचा आठवड्याचा खर्च दुधाच्या पैशावर चालतो, त्याला नुसते स्वस्तात पोसणे पुरत नाही. या घराला दोष देणे अन्यायाचे होईल.

आता खऱ्या पेचाकडे वळले पाहिजे. कापणीनंतर शेतात राहणाऱ्या ओलीवर गुरांखेरीज आणखी एकाचा डोळा असतो. तो म्हणजे उडीद. सांबा कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस उभ्या भातातच उडदाचे वा मुगाचे बी फोकून टाकतात. भात कापले जाते, खाली हिरवी रोपे उघडी पडतात, आणि नांगरट नाही, पाणी नाही, अशा स्थितीत केवळ ओल आणि दहिवर यांवर सत्तर दिवसांच्या आत-बाहेर पीक हाती येते. कुंभकोणमजवळच्या आडुतुरै येथे १९२२ साली स्थापन झालेल्या भात संशोधन केंद्राने अशा पडीक भातशेतांसाठी उडदाचे खास वाणही दिले. इडली-डोशाच्या देशात उडदाला भाव असतो. शेतमालकाच्या दृष्टीने हे जवळजवळ फुकटचे पीक. मुळांतील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतो तो वेगळाच. परंतु उडीद पेरला की शेत गुरांना बंद झाले. वाट जन्मते, आणि लगेच मिटते.

कोकणातील श्रोत्यांना हा झगडा समजावून सांगण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्यात भातानंतर ओलीवर वाल घेणारा शेतकरी आणि कापणी होताच गुरे मोकळी सोडणारे गाव यांच्यातील कुरबुर जुनीच आहे. त्यावर इंग्रजी अमलाने काढलेला उपाय म्हणजे कोंडवाडा. १८७१ साली त्याचा कायदा झाला. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडावे, मालकाने दंड भरून सोडवावे. कायदा पिकाचे रक्षण करतो. परंतु कापल्या शेतावर गुरे चारण्याची जी सवलत गावाच्या रिवाजाने मिळत आली, तिची कायद्याच्या चोपडीत नोंद कोठे?

आणि ती सवलत कोणाची होती? कावेरीच्या प्रदेशात जमीन थोड्यांच्या हाती आणि मजूर पुष्कळ. ज्याच्याकडे शेत आहे त्याच्याकडे पेंढाही आहे. धसकटावरचे ते काही आठवडे खरोखर लागत ते ज्याच्याकडे गाय आहे पण शेत नाही अशा घराला. मळणीच्या वेळी खळ्यावर राबणाऱ्याच्या पदरी थोडा पेंढाही पडे, तोही त्याला आधार होता. १९६० साली सुरू झालेल्या सघन शेती कार्यक्रमासाठी देशातील पहिल्या जिल्ह्यांत तंजावरची निवड झाली. पुढच्या काही वर्षांत बुटक्या, लवकर येणाऱ्या वाणांनी दाणा वाढवला, ताट आखूड केले. त्यानंतर कापणी-मळणीचे संयुक्त यंत्र आले. त्याने खळेच नाहीसे केले. यंत्रामागे पसरलेला पेंढा दुसरे यंत्र गुंडाळून त्याचे गठ्ठे करते, आणि ते गठ्ठे ट्रकवर चढून केरळपर्यंत जातात. मालकाला पेंढ्याचे रोख पैसे मिळतात. मजुराच्या गाईपुढे तेवढा पेंढा कमी होतो. एकीकडे उडदाने शेत बंद, दुसरीकडे गठ्ठ्याने गंज रिकामी.

यावर उडीद पेरू नका असे सांगणारा शहाणा म्हणता येणार नाही. डाळ हे गरिबाचेच प्रथिन आहे. तोडगा निघतो तो काळाच्या वाटणीत. एका शिवारात सगळ्यांची कापणी एकदम झाली आणि उडदाचा पट्टा एका बाजूला राहिला, तर उरलेले शिवार गुरांना मोकळे ठेवता येते. शेजारी शेजारी तुकड्यांत निरनिराळ्या तारखांना कापणी झाली, तर चार दिवस चरायला एक शेत मिळते आणि त्याच्या चारही बाजूंना कोंडवाडा असतो. पाणी एका वेळी आले तर लावणी एका वेळी होते, लावणी एका वेळी झाली तर कापणी. म्हणजे मेट्टूरच्या दाराची तारीख शेवटी मजुराच्या गाईच्या पोटापर्यंत पोचते. उडदाच्या शेंगा तोडल्यावर राहणारा पाला हा उत्तम चारा आहे. तो शेतातच गुरांना चारू द्यावा की उपटून घरी न्यावा, हेही शेतमालक आणि गुरे राखणारा यांनी आधी बसून ठरवण्यासारखे आहे. बांधावरच्या गवतावर तणनाशक न मारता ते कापून नेण्याची मुभा मिळाली, तरी पुष्कळ घरांत पेंढ्याबरोबर हिरव्याचा एक भारा पडतो.

पंगुनी महिन्यात ओल खोल जाते. फुटवा सुकतो, बांध पिवळे पडतात, चिखलाची ढेकळे विटेसारखी कडक होतात. कोनारांचे कळप दक्षिणेच्या वाटेला लागलेले असतात. उडीद निघालेल्या शेतांत गुरे एकदा फिरून घेतात आणि वाळलेली पाने चाटून पुसून खातात. मग गोठ्यात दावी पुन्हा बांधली जातात, आणि ज्या घरी सांब्याच्या पेंढ्याची गंज अजून शाबूत आहे तेथे तिच्या वरची झाकण म्हणून घातलेली पेंढी बाजूला सारून पहिला पुळा उपसला जातो.